काखेत कळसा, गावाला वळसा : एकाच सर्व्हरवरील प्रोग्रामचा संवाद वेगवान कसा होतो?

मोबाइलवरून केलेली खरेदी, रेल्वेचे आरक्षण किंवा बँकेतील पैशांचे हस्तांतरण ही वापरकर्त्याच्या दृष्टीने एकच क्रिया असते. डेटा सेंटरमध्ये मात्र ती अनेक लहान प्रोग्राममध्ये विभागलेली असते. एक प्रोग्राम ग्राहकाची ओळख पटवतो, दुसरा साठा तपासतो, तिसरा किंमत काढतो, चौथा या साऱ्याची नोंद ठेवतो. यांपैकी कित्येक प्रोग्राम एकाच सर्व्हरवर, एकाच मेमरीच्या आधाराने चालत असतात. तरीही त्यांचा परस्परांशी होणारा व्यवहार परगावी पत्र पाठवावे तसा असतो. मजकूर लिफाफ्यात भरायचा, टपालात टाकायचा आणि शेजारच्याच खोलीत बसलेल्याने पोस्टमनची वाट पाहायची! काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण या व्यवस्थेला चपखल लागू पडते.

हा वळसा किती लांबचा आहे, हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येते. काचतंतूतून १०० मीटर अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा निम्मा वेळ लागतो. एकाच प्रोसेसरवरील दोन गाभ्यांमध्ये माहितीचा छोटा तुकडा त्याहूनही लवकर, साधारणतः १०० नॅनोसेकंदांच्या आसपास किंवा त्याआधीच पोहोचतो. मात्र तोच तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या मार्गाने शेजारच्या प्रोग्रामकडे पाठवून उत्तर मिळवायचे म्हटले, तर काही मायक्रोसेकंद खर्ची पडतात आणि यंत्रावर गर्दी असेल तर त्याहून बरेच अधिक. म्हणजे अंतर जवळजवळ शून्य असूनही वेळ जातो तो प्रवासात नव्हे, प्रवासाच्या सोपस्कारांत.

काही मायक्रोसेकंदांनी बिघडते काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. माणसाला तेवढा विलंब जाणवतही नाही. परंतु एका विनंतीपोटी शेकडो संदेशांची देवाणघेवाण होते आणि विलंब साचत जातो. जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये दिलेले उदाहरण या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. एखादा सर्व्हर १०० पैकी ९९ वेळा झटपट उत्तर देत असेल आणि एकदाच एक सेकंद लावत असेल, तर अशा १०० सर्व्हरवर अवलंबून असलेल्या विनंत्यांपैकी ६३ टक्के विनंत्यांना एका सेकंदाहून अधिक काळ लागतो. विलंबाइतकाच प्रश्न विजेचा आणि यंत्रांच्या किमतीचाही आहे. गुगल व हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गुगलच्या यंत्रांवरील प्रोसेसरचा जवळजवळ ३० टक्के वेळ संदेश बांधणे व उलगडणे, माहिती एका जागेवरून दुसरीकडे हलवणे, ती आवळणे, मेमरीचे वाटप करणे अशा किरकोळ वाटणाऱ्या कामांत जातो. त्यांनी या खर्चाला ‘डेटा सेंटर कर’ असे समर्पक नाव दिले.

हे सोपस्कार निष्कारण जन्माला आलेले नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा स्वतंत्र कप्पा देते आणि एकाला दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावू देत नाही. एक प्रोग्राम कोसळला किंवा हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तरी शेजारी सुरक्षित राहावा हा त्यामागील हेतू. त्यामुळे संदेश द्यायचा तर मध्यस्थ लागतो आणि तो मध्यस्थ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे अंतरंग, कर्नेल. पाठवणारा कर्नेलला हाक मारतो. कर्नेल मजकुराची एक प्रत स्वतःकडे घेते. झोपलेल्या स्वीकारणाऱ्याला जागे करते. त्याची पाळी आली की त्याच्या कप्प्यात दुसरी प्रत उतरवते. प्रत्येक वेळी प्रोसेसरला एक संदर्भ बाजूला ठेवून दुसरा हाती घ्यावा लागतो आणि जवळच्या वेगवान मेमरीत जमवलेली माहिती तेवढ्यापुरती निरुपयोगी ठरते. मजकूर आधी एका ठरावीक साच्यात बांधावा आणि पलीकडे उलगडावा लागतो, तो खर्च वेगळाच.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी विकसित केलेल्या आणि १९८४ मध्ये विस्ताराने मांडलेल्या पद्धतीमुळे दूरच्या यंत्रावरील प्रोग्रामला साद घालणे जवळच्या प्रोग्रामला साद घालण्याइतके सोपे झाले. ही सोय इतकी आवडली, की जवळच्यांशी बोलतानाही लोक दूरचीच रीत वापरू लागले. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन बर्शाड, थॉमस अँडरसन, एडवर्ड लाझोव्स्का आणि हेन्री लेव्ही यांनी १९८९ मध्ये या सवयीवर बोट ठेवले. त्यांनी तीन प्रणालींतील संदेशांची मोजदाद केली. यंत्राची हद्द ओलांडणाऱ्या हाकांचे प्रमाण त्यांत अनुक्रमे ३, ५.३ आणि ०.६ टक्के इतकेच निघाले. उरलेला सारा संवाद घरातल्या घरात होता.

त्यांनी सुचवलेला उपाय आजही विचार करण्याजोगा आहे. दोन प्रोग्रामच्या सामाईक जागेत मजकूर एकदाच ठेवायचा आणि पलीकडच्या कोणाला जागे करण्याऐवजी हाक मारणाऱ्या धाग्यालाच, कर्नेलच्या परवानगीने, पलीकडच्या कप्प्यात जाऊन काम उरकू द्यायचे. निरोप धाडण्यापेक्षा स्वतःच शेजारच्या खोलीत जाऊन यावे, तसा हा प्रकार. त्या काळच्या यंत्रावर एका रिकाम्या हाकेला लागणारा वेळ ४६४ मायक्रोसेकंदांवरून १५७ वर आला. पुढे १९९३ मध्ये जर्मनीतील योखेन लीटके यांनी त्याहून मोठी मजल मारली. ५० मेगाहर्ट्झच्या इंटेल ४८६ प्रोसेसरवर माक या तत्कालीन प्रसिद्ध कर्नेलला छोट्या संदेशासाठी ११५ मायक्रोसेकंद लागत, तिथे लीटके यांच्या कर्नेलने तेच काम ५ मायक्रोसेकंदांत केले. एकच एक चमत्कारिक युक्ती यामागे नव्हती. संदेशाच्या वाटेवरील प्रत्येक पायरी तपासून अनावश्यक ते छाटणे, छोटा मजकूर प्रोसेसरच्या अंतर्गत कप्प्यांतूनच थेट नेणे, अशा अनेक काटकसरींची ती बेरीज होती.

कर्नेलचा वळसा पूर्णच टाळायचा असेल, तर आज बहुतेकजण सामाईक मेमरीचा आधार घेतात. मेमरीचा एक पट्टा दोन्ही प्रोग्रामना दिसेल असा उघडून द्यायचा आणि त्यात रहाटगाडग्यासारखी घरे आखायची. पाठवणारा एकेक पोहरा भरत पुढे जातो, स्वीकारणारा त्याच क्रमाने रिकामा करत मागून येतो. आपण कुठवर भरले याचा आकडा फक्त पाठवणारा बदलतो, कुठवर उपसले याचा फक्त स्वीकारणारा. म्हणून कुलूपकिल्लीची गरजच पडत नाही. लिनक्समध्ये २०१९ साली आलेल्या आयओ-युरिंग या सुविधेत प्रोग्राम आणि कर्नेल यांच्यामध्येही अशीच रहाटगाडगी बसवलेली आहेत.

ही रचना कागदावर जितकी सोपी, तितकी ती प्रत्यक्षात अनेकांना चकवते. पहिली अडचण क्रमाची. आधी पोहरा भरावा आणि मग आकडा वाढवावा, असे प्रोग्राममध्ये लिहिलेले असले तरी तो क्रम दुसऱ्या गाभ्याला तसाच दिसेल, याची हमी प्रत्येक प्रोसेसर देत नाही. इंटेलच्या धाटणीचे प्रोसेसर लेखनाचा क्रम सहसा पाळतात. आर्म धाटणीचे प्रोसेसर तशी सक्ती मानत नाहीत. परिणामी वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला प्रोग्राम आर्म सर्व्हरवर नेताच कधीतरी अर्धवट भरलेला पोहरा उपसतो. असा दोष शोधणे अत्यंत क्लेशदायक असते, कारण तो चाचणीत बहुधा दिसतच नाही. दुसरी अडचण शेजाराची. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये माहिती ६४ बाइटच्या ओळींनी हलते. दोन्ही आकडे एकाच ओळीत पडले, तर त्यांचा एकमेकांशी संबंध नसतानाही ती ओळ दोन गाभ्यांमध्ये सतत खेचाखेचीत अडकते. उपाय गमतीशीर आहे : दोन आकड्यांच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडायची. लंडनच्या एलमॅक्स या वित्तीय बाजाराने २०११ मध्ये खुली केलेली डिसरप्टर ही प्रणाली या काटेकोर मांडणीसाठी ओळखली जाते.

खरा पेच मात्र वाट पाहण्याचा आहे. संदेश कधी येईल हे ठाऊक नसताना स्वीकारणाऱ्याने करायचे काय? डोळ्यांत तेल घालून सतत पाहत राहिले तर उत्तर तत्काळ मिळते, पण प्रोसेसरचा एक अख्खा गाभा, काम असो वा नसो, वीज खात राहतो. झोपी जावे तर उठवण्यासाठी पुन्हा कर्नेलच लागते आणि ज्या वळशातून सुटका हवी होती तोच पदरी येतो. प्रचलित तोडगा मधला आहे : क्षणभर पाहत राहायचे, काही न आल्यास झोपायचे आणि झोपताना तशी खूण सामाईक जागेत ठेवायची, म्हणजे पाठवणाऱ्याला गरज असेल तेव्हाच कर्नेलला हाक मारता येते. लिनक्सच्या २.६ आवृत्तीपासून, म्हणजे २००३ पासून, यासाठी फ्युटेक्स हे साधन उपलब्ध आहे. गर्दीच्या वेळी स्वीकारणारा झोपतच नाही, त्यामुळे ही व्यवस्था कामाच्या दाटीत अधिक किफायतशीर ठरते.

याची किंमत सुरक्षिततेच्या रूपाने मोजावी लागते. सामाईक मेमरीत ठेवलेला मजकूर पाठवणारा नंतरही बदलू शकतो. समजा संदेशाची लांबी १०० आहे अशी नोंद स्वीकारणाऱ्याने तपासली आणि पुढच्याच क्षणी पाठवणाऱ्याने ती १०,००० केली, तर स्वीकारणारा मर्यादेबाहेरची मेमरी वाचू लागेल. म्हणून परक्या प्रोग्रामचा मजकूर आधी स्वतःच्या कप्प्यात उतरवून मगच तपासावा लागतो, म्हणजेच टाळलेली प्रत पुन्हा करावी लागते. ‘एकही प्रत नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या उत्पादनांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे. उलट, भिंत जाड केली की वेग घटतो, याचा प्रत्यय जानेवारी २०१८ मध्ये आला. मेल्टडाउन हा प्रोसेसरमधील दोष उघड झाल्यावर कर्नेलची मेमरी प्रोग्रामपासून अधिक काटेकोरपणे विलग करण्यात आली आणि दोषबाधित यंत्रांवर कर्नेलला मारलेली प्रत्येक हाक महागली.

गेल्या दशकात वळसा आणखी लांबला. प्रत्येक प्रोग्रामशेजारी एक दुभाषी प्रोग्राम बसवायचा आणि सर्व संदेश त्याच्यामार्फत, सांकेतिक रूपात पाठवायचे, ही पद्धत २०१७ मध्ये आलेल्या इस्टिओसारख्या साधनांनी रूढ केली. तिचे लाभ खरे आहेत. पण एकाच सर्व्हरवरील दोघांच्या संवादात त्यामुळे एकाऐवजी तीन टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर तेच सोपस्कार. इस्टिओने २०२४ मध्ये स्थिर म्हणून जाहीर केलेल्या नव्या रचनेत प्रत्येक प्रोग्रामऐवजी प्रत्येक सर्व्हरमागे एकच दुभाषी ठेवता येतो.

काही वेळा तर मुळात दोन प्रोग्राम वेगळे ठेवण्याचीच गरज नसते. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने चित्रफितींचा दर्जा तपासणारी आपली एक सेवा, तिचे विखुरलेले भाग एकाच प्रोग्राममध्ये आणून, नव्याने बांधल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. खर्चात ९० टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे त्या चमूने सांगितले. पूर्वी चित्रफितीतील चौकटी एका भागाकडून दुसऱ्याकडे दूरस्थ साठ्यामार्फत जात, नंतर त्या मेमरीतूनच जाऊ लागल्या.

ज्यांना वेगळेपण सोडणे शक्य नाही, त्यांची आशा आता प्रोसेसरवर आहे. इंटेलच्या २०१७ पासूनच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये मेमरीच्या भागांना क्रमांकित किल्ल्या लावता येतात आणि कोणती किल्ली चालू, कोणती बंद, हे कर्नेलकडे न जाता एकाच सूचनेने बदलता येते. त्यामुळे एकाच कप्प्यात राहूनही दोन घटकांमध्ये पातळ भिंत उभारता येते. अर्थात ती सूचना कोणताही घटक देऊ शकत असल्याने, ती चुकीच्या हाती पडू नये याची तजवीज प्रोग्रामकर्त्यालाच करावी लागते. शिवाय अशा किल्ल्या प्रत्येक कप्प्यामागे सोळाच आहेत.