जप्तीच्या यादीबाहेरच्या वस्तू

आमच्या लिंबागणेशच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. वडिलांनी आयुष्यभर जपलेले कागद तिच्यात आहेत. सातबाऱ्याचे जुने उतारे, सोसायटीच्या पावत्या, आणि घड्यांवर विरत चाललेला एक जप्तीचा पंचनामा. साल १९८३. मी तेव्हा सातवीत होतो. वडिलांनी १९७८ मध्ये विहिरीच्या कामासाठी एका सावकाराकडून पैसे घेतले होते. विहिरीला पाणी लागले नाही. कोर्टात दावा झाला, डिक्री झाली, दरखास्त दाखल झाली आणि एका सकाळी बेलीफ दोन पंचांना घेऊन ओसरीवर येऊन बसला.

पंचनाम्यातली यादी मला पाठ आहे : सायकल १, रेडिओ १, भिंतीवरचे घड्याळ १, पितळी समया २, लाकडी पेटी १, ज्वारीची पोती ४. पोती पाच होती. पाचव्या पोत्यापाशी बेलीफ थांबला आणि वडिलांना म्हणाला, "ह्यात बियाणं कोणतं? ते बाजूला काढा." गोठ्यातल्या बैलजोडीकडे त्याने पाहिले, पण लिहून घेतली नाही. तिफण, वखर, नांगर यांना हात लावला नाही. चुलीजवळची भांडी आणि गोधड्यांची चळत जागेवरच राहिली. दारात उभ्या असलेल्या आईचा हात नकळत गळ्याशी गेला, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, त्याला आम्हाला हात लावता येत नाही."

मला तेव्हा वाटले, माणूस दयाळू आहे. दयाळू तो असेलही. पण तो वागत होता कायद्याप्रमाणे, हे कळायला मला वीस वर्षे लागली. मी वकील नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटले. हा एक कागद समजावा म्हणून कायद्याचे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतले, आणि मग ते सुटले नाही.

कलम ६० ची यादी

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधले साठावे कलम आधी सांगते की कर्जदाराची विकता येण्याजोगी सर्व मालमत्ता जप्त होऊ शकते. जमीन, घर, माल, पैसा, सगळे. आणि लगेच एक 'परंतु' येतो. त्या 'परंतु'खाली जप्त न होणाऱ्या गोष्टींची यादी आहे. कर्जदार, त्याची बायको आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, बिछाने आणि अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीनुसार कोणत्याही स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. कर्जदार शेतकरी असेल तर शेतीची अवजारे, आणि पोट भरण्यासाठी कोर्टाच्या मते लागतील तेवढी जनावरे व बियाणे. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहत असलेले त्याचे घर. हिशेबाच्या वह्या. मजुराची व घरगड्याची मजुरी, मग ती पैशात असो की धान्यात.

१९७६ च्या दुरुस्तीने भविष्य निर्वाहाची सार्वजनिक योजना आणि आयुर्विम्याची रक्कम यादीत घातली. पगाराचा नियम वेगळा आहे. पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश यांना हात लावता येत नाही. म्हणजे सोळा हजार पगार असेल, तर अकरा हजार सुरक्षित आणि पाच हजार जप्तीयोग्य. मजुराची मजुरी मात्र पूर्णच सुरक्षित, आणि मजूर कुशल की अकुशल हा भेद त्यात नाही.

जप्ती करायची कशी, यालाही मर्यादा आहेत. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. लोकांसमोर न येणारी स्त्री एखाद्या खोलीत असेल, तर आधी तिला बाहेर पडायची सूचना आणि सवड द्यावी लागते. पैशाच्या डिक्रीसाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही, हे कलम ५६ सांगते.

ही यादी म्हणजे दयेची नव्हे, तर हिशेबाची गोष्ट आहे. बैल नेला की शेतकरी पुढच्या वर्षी कर्ज फेडणार कशाने? चूल विझवली की माणूस कामाला उभा राहणार कसा? फार जुन्या समाजांनाही हे कळले होते. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात जात्याची तळी किंवा वरची पेड गहाण घेऊ नये, आणि गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळताना परत करावे, अशी आज्ञा आहे. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापोटी दुसऱ्याचा बैल ओढून नेणाऱ्याला चांदीचा दंड आहे. जाते, पांघरूण, बैल. हजारो वर्षांनीही यादी फारशी बदललेली नाही.

सुप्याची होळी आणि वह्यांचे संरक्षण

आपल्याकडे या विचाराला धार आली ती १८७५ मध्ये. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरले. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात नोंदलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे, की लोकांना मुख्यतः हवे होते कर्जरोखे. जिथे सावकाराने कागद दिले, तिथे बहुधा मारहाण झाली नाही. कागद मिळाले की ते जाळले गेले.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी होती, तिच्यात कपडे, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि जनावरे होती. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा खास कायदा आला. पैशाच्या डिक्रीपोटी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्याने बंद केले, आणि जी जमीन स्पष्टपणे गहाण नाही ती साध्या कर्जापोटी विकायलाही मनाई केली.

या यादीत मला एक गोष्ट नेहमी थबकवते. शेतकऱ्याच्या नांगराबरोबर तिच्यात हिशेबाच्या वह्याही आहेत. सुप्याच्या लोकांनी ज्या जातीचे कागद जाळले, त्यांनाही कायद्याने जपले. व्यापाऱ्याची वही हे त्याचे अवजार, असा न्याय असावा. लक्ष्मीपूजनाला दुकानात वही पुजतात आणि पोळ्याला शेतकरी बैल पुजतो. एकाच कलमाने दोघांचे दैवत जप्तीबाहेर ठेवले.

आमचे गाव मात्र त्या कायद्याच्या पलीकडे होते. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. लिंबागणेशहून पाटोद्याच्या वाटेने पुढे गेले की जामखेड, म्हणजे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा अंमल. एका बाजूच्या शेतकऱ्याला १८७९ चा आधार, दुसऱ्या बाजूच्याला नाही. आमच्याकडे कोर्टाची भाषा उर्दू होती. म्हातारी माणसे अजून जप्तीला 'कुरकी' म्हणतात, ते त्याच काळातले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १ एप्रिल १९५१ पासून १९०८ ची संहिता आमच्या भागालाही लागू झाली. बेलीफने १९८३ मध्ये बियाण्याचे पोते बाजूला काढायला सांगितले, त्यामागे हा सगळा प्रवास होता.

मंगळसूत्र कुठे गेले?

पण पंचनाम्याची गोष्ट ओसरीवर संपली नाही. जप्त झालेल्या ज्वारीचा लिलाव व्हायच्या आत काही रक्कम भरायची होती. पुढच्याच आठवड्यात आईने गळ्यातले काढले. वडील बीडला सराफाकडे ते गहाण ठेवून आले. त्या दिवसापासून आईच्या गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत होती. ते सोने पुन्हा घरी आले नाही.

कोर्टाला ज्याला हात लावता आला नाही, ते आम्ही आमच्या हाताने दिले. या लेखाचे सांगणे एवढेच आहे. कायदा ओढून नेण्यापासून वाचवतो, काढून देण्यापासून नाही. कलम ६० कोर्टाच्या जप्तीला अडवते. सराफाच्या दुकानात, सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर ते उभे नसते, कारण तिथे जप्ती नाही, तिथे सही आहे. बँकांच्या वसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यानेही कलम ६० मधल्या वस्तू वगळल्या आहेत. पण कंसात एक अट आहे : त्याच कर्जापोटी खास तारण दिलेली मालमत्ता सोडून. त्या कायद्यात शेतजमिनीवरचे तारण मात्र वेगळ्या तरतुदीने बाहेर ठेवले आहे.

कायद्याने गहाणातल्या दागिन्यापर्यंत हात पोचवला, असा एक प्रसंग महाराष्ट्रात घडला. १९७५ च्या कर्जमुक्तीच्या कायद्याने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली आणि गहाण ठेवलेल्या वस्तू परत करायला लावल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आमचे कर्ज त्यानंतरचे, म्हणून आमच्या वाट्याला तो आला नाही. त्या कायद्यानंतर गहाणावर पैसे देणारे हात आखडले, असेही गावातली जुनी माणसे सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

दुसरी फट त्याच दागिन्याच्या शब्दांत आहे. कलमात मंगळसूत्राचे नाव नाही, रूढीचे आहे. रूढी सवाष्णीची. ज्या घरातला कर्ता कर्जापायी गेला, त्या घरातल्या बाईच्या गळ्यातून ते समाजानेच काढलेले असते. मग डब्यात पडलेले ते सोने 'अंगावेगळे न करता येणारे' ठरणार कसे? ज्या बाईला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तिच्यापाशीच कायद्याचा शब्द अडखळतो. तिला निदान दुसरी एक गोष्ट ठाऊक हवी : मयताच्या कर्जासाठी वारसाची जबाबदारी वारशाने हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तिने स्वतः सही केली नसेल, तर तिची स्वतःची मजुरी, तिची स्वतःची शिलाई मशीन त्या कर्जात धरता येत नाही.

कोयता आणि उचल

तिसरी फट आमच्या जिल्ह्याची खास आहे. बीडमधून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हत्याराचेच नाव माणसांना मिळाले. कायद्याने पाहिले तर कोयता हे कामाचे हत्यार आणि मजुरी पूर्ण सुरक्षित. कोणताही सावकार डिक्री आणून ऊसतोड मजुराची मजुरी जप्त करू शकत नाही.

प्रत्यक्षात मजुरी तयार होण्याआधीच संपलेली असते. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतली जाते. लग्न, आजारपण, घराचे पत्रे यांत ती जाते. हंगामभर तोडलेला ऊस त्या उचलीत वळता होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. इथे दावा नाही, डिक्री नाही, बेलीफ नाही. फेड राहिली म्हणून मोटारसायकल किंवा बैल नेल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. ती जप्ती नव्हेच. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणाच्या दारातून वस्तू ओढून नेण्याचा अधिकार ना मुकादमाला आहे, ना सावकाराला. पण बेलीफला जो नियम पाळावा लागतो, तो न पाळणाऱ्यासमोर यादी मुकी होते.

माहीत असावे असे

मला विचारायला येणाऱ्यांना मी चार गोष्टी सांगतो. एक, कोर्टाचा माणूस आला तर त्याचे वॉरंट पाहावे आणि पंचनाम्याची नक्कल मागावी. दोन, कलम ६० मधली वस्तू लिहून घेतली, तर तसे तिथेच सांगावे आणि ज्या कोर्टाने दरखास्त चालवली तिथेच कलम ४७ खाली हरकत घ्यावी. तीन, 'माझा हा हक्क मी सोडतो' असे कोणी आधीच लिहून घेतले असेल तरी घाबरू नये. १९७६ च्या दुरुस्तीनंतर असा करार कायद्याने निरर्थक आहे. चार, नुसती ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. कृष्णा अय्यर यांच्या निकालात हे स्पष्ट केले आहे. ऐपत असून बुडवणाऱ्याची गोष्ट निराळी.

पाचवी गोष्ट कायद्याची नाही. सही करण्याआधी विचारावे की आपण जे तारण देत आहोत, ते त्या यादीतले तर नाही ना? कारण यादी जपणारा शेवटचा माणूस बेलीफ नसतो, आपण असतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे टोळ्या निघण्याची घाई असेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो : दोन-चार भांडी, गोधड्या, पीठाचा डबा, कोयते. दरवर्षी तो पाहताना मला साठाव्या कलमाची यादीच रस्त्याने चालल्यासारखी वाटते. कायद्याने कोणाला नेऊ दिले नाही तेवढेच त्यांच्यापाशी उरलेले असते, आणि तेवढे घेऊन ते उचल फेडायला निघालेले असतात.

आई आता नाही. काळ्या मण्यांची ती पोत मी पेटीत, पंचनाम्याच्या घडीत ठेवली आहे.