शस्त्रकर्मोत्तर अम्लपित्त आणि वमनाचा प्रश्न

कागल हे पुणे-बेंगळूरु महामार्गावरील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळ्या, अवेळी भोजन, तिखट रस्सा आणि वरचेवर चहा यांमुळे अम्लपित्ताचे रुग्ण आम्हांस नित्याचेच आहेत. माधवनिदानात या व्याधीचे ऊर्ध्वग व अधोग असे भेद वर्णिले आहेत. वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही ज्याच्या घशाशी आंबट पाणी येतच राहते, असा एखादा रुग्ण हल्ली मोठ्या शहरात जाऊन ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ करून येतो व पुढे पुन्हा आमच्याकडेच येतो.

या शस्त्रकर्माचे मूळ रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आहे. आमाशयाचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात, त्यामुळे सैल पडलेल्या झडपेस आधार मिळतो. १९९१ पासून हे कर्म पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून होऊ लागले. टिटॅनियमच्या आवरणातील चुंबकीय मण्यांच्या कड्यास अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. तोंडावाटे एंडोस्कोप घालूनही झडप घडविता येते. मात्र अन्ननलिकेतील आम्लाचे चोवीस तासांचे मापन व तिच्या गतीची तपासणी केल्यावाचून रुग्णाची निवड योग्य ठरत नाही.

आमच्या दृष्टीने खरा मुद्दा पुढेच आहे. गुंडाळी घट्ट बसली की अनेकांना ढेकर देणे व उलटी होणे कठीण जाते, पोट फुगते. जोराचे उमाळे आल्यास टाके सुटण्याचा किंवा गुंडाळी छातीत सरकण्याचा धोका असतो. आणि अम्लपित्तात आपण प्रथम योजतो ते वमन! अशा रुग्णास मदनफळ देणे आम्ही सर्वथा वर्ज्य मानतो. शल्यविशारदांशी बोलून, बल पाहून मृदू विरेचन व पथ्य यांवरच भर द्यावा.

औषध दुकानदार बंधूंनाही एक विनंती. अविपत्तिकर चूर्ण किंवा सूतशेखर मागणाऱ्यास घास अडकतो का, वजन घटले का, शौचास काळी होते का, हे विचारावे. यांपैकी काही असेल तर पुडी देण्याआधी त्यास एंडोस्कोपीसाठी पाठवावे. श्रमाने वाढणारी छातीतील जळजळ हृदयाचीही असू शकते.

छिद्रांचे व्रण बोटाच्या पेराएवढे असतात. तोंडावाटे केलेल्या कर्माचा तर व्रणच राहत नाही. ‘ऑपरेशन नाही हो, नुसती दुर्बीण घातली होती,’ असे रुग्ण सहज सांगून जातो. म्हणून आम्ही पंचकर्माच्या केसपेपरवर ‘पोटात दुर्बीण कशासाठी घातली होती?’ हा प्रश्न वेगळा छापून घेतला आहे.