ओटीपोटाचे दुखणे आणि आपला संकोच

पालकसभा संपली, वर्ग रिकामा झाला, तरी एक आई थांबली होती. आधी मुलाच्या गणिताचे बोलली, मग हळूच म्हणाली, "आपा, ओटीपोटात सारखं दुखतं." अंगावरून वास येणारे पांढरे जाते, मधूनच ताप. कधीपासून? वर्ष होत आले! आम्ही शिक्षक, दवाखान्यात पाठवणे एवढेच आमच्या हाती.

योनिमार्गातले जंतू वर चढून गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत जातात. उपचार लांबले तर नलिकांत व्रण पडतात. मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नलिकेतच वाढतो आणि ती फुटली तर जिवावर बेतते. औषधाने जंतू मरतात, व्रण जात नाही. काहींना तर दुखतही नाही. सून 'वांझ' ठरते, दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते. नलिका का बंद झाली, हे कोणी विचारत नाही.

सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये या दुखण्यासाठी पिवळे पाकीट मोफत मिळते. गोळ्या १४ दिवसांच्या. आमच्या बायका चौथ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवतात, वर नणंदेलाही देतात! पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. तीन दिवसांत उतार नसेल तर पुन्हा जावे.

नवऱ्याला त्रास नसला तरी त्यानेही औषध घ्यायचे. तोवर दोघांनी परहेज पाळावे. रोग कोणाकडून आला याचा पंचनामा नको. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतरही तो होतो.

त्या आईच्या गोळ्या पूर्ण झाल्या. नवरा अजून गेलेला नाही.