सेवाप्रवासाचा निधी आणि पालकांची भूमिका

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या सोळा वर्षांच्या नातीची परदेशातील तीन आठवड्यांच्या एका सेवा-शिबिरासाठी निवड झाली. खर्च दोन लाखांच्या घरात होता. निम्मा भार घराने उचलावा आणि उरलेली रक्कम तिने समाजातून उभी करावी, असे ठरले. बँकेतील दीर्घ सेवेमुळे जालन्याच्या बाजारपेठेत माझी ओळख बरी. मी लगेच फोन हाती घेतला. तेव्हा नात शांतपणे म्हणाली, “आजोबा, ते पैसे मला देतील की तुम्हाला?”

मी फोन खाली ठेवला. ज्यांची कर्जप्रकरणे एकेकाळी माझ्या सहीने मंजूर झाली, त्यांच्याकडेच मी मागणार होतो. त्यांना ‘नाही’ म्हणणे सोपे गेले नसते. आणि ज्याला नकाराची मोकळीक नाही, ते दान कसले?

या संदर्भात सतीश कुमार यांचे उदाहरण आठवते. नवव्या वर्षी जैन दीक्षा घेतलेले आणि अठराव्या वर्षी ती सोडून विनोबांकडे आलेले हे गृहस्थ १९६२ मध्ये ई. पी. मेनन यांच्यासह अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून पायी निघाले. सोबत पैसे नेऊ नका, हा विनोबांचा सल्ला त्यांनी पाळला. मॉस्को, पॅरिस, लंडन करीत ते वॉशिंग्टनला पोहोचले. समुद्र ओलांडण्याची तिकिटेही हितचिंतकांच्या साहाय्याने मिळाली. आपल्या मुलांना रिकाम्या खिशाने कोणी पाठवणार नाही. पण आपण का निघालो आहोत हे अनोळखी माणसाला पटवून देता येणे, ही सेवेची पहिली तयारी आहे, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

म्हणून मागण्याचे काम मुलांचे. पालकांचे काम त्यामागे उभे राहण्याचे. प्रथम संस्थेची चौकशी करावी. शुल्कापैकी किती रक्कम प्रत्यक्ष कार्यावर खर्च होते, हे लेखी मागावे. नेपाळ, कंबोडिया येथे पर्यटक-स्वयंसेवकांच्या पैशासाठी आई-वडील हयात असलेली मुलेही अनाथालयांत ठेवली गेल्याचे उघड झाले आहे. आपल्या दानातून असे काही घडता कामा नये.

दुसरे, निधीसाठी स्वतंत्र बचत खाते असावे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या नियमांनुसार स्वतःचे खाते चालवता येते. परदेशी रक्कम पाठवताना अज्ञानाच्या वतीने पालकाची सही लागते. ती रक्कम बँकेमार्फत थेट संस्थेच्या नावे जावी, कोणा व्यक्तीच्या खात्यात नव्हे. व्यक्तीला दिलेल्या साहाय्यावर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हेही दात्याला आधीच सांगावे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, रक्कम कमी पडली किंवा उरली तर काय करणार, हे आवाहनपत्रातच लिहावे.

आमच्याकडे ती कमीच पडली. नातीने धाकट्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, घरोघरी जाऊन पत्रे दिली, कित्येक नकार ऐकले. एका किराणा दुकानदाराने एक्कावन्न रुपये दिले, त्याचीही पावती फाडली. मुदत संपली तेव्हा बत्तीस हजारांची तूट होती. ती मी एका सहीने भरून काढू शकलो असतो. मोह अनावर होता. पण पत्रात लिहिल्याप्रमाणे तिने प्रत्येकाची रक्कम स्वतः जाऊन परत केली. त्या रात्री ती रडली. मलाही झोप लागली नाही.

पुढे वर्षभर तिने रविवारी वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवले. ज्यासाठी ती समुद्रापार जाणार होती, तेच काम घरापासून दहा मिनिटांवर निघाले. यंदा तिने पुन्हा आवाहन केले आहे. एक्कावन्न रुपये देणाऱ्या त्या दुकानदाराने या वेळी पाचशे एक दिले. कारण विचारता म्हणाले, “गेल्या वर्षी परत करायला आली होती ना!”

आपल्या परंपरेत करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघेही पुण्याचे भागीदार मानले जातात. पालकांनी करविणाऱ्याची घाई सोडून अनुमोदनाचा संयम शिकावा, एवढेच या अनुभवातून मला सांगावेसे वाटते.