मराठी माणूस बडोद्याचा, गुजराती माणूस मुंबईचा : १९४३-४४ च्या हंगामात अव्वल कोण?

चलथाण : सुरत-भुसावळ लाईनवरच्या चलथाणमध्ये क्रिकेटवरून वाद निघाला की एक प्रश्न येतोच. पोरगं घरात मराठी बोलतं, पण खेळायचं गुजरातकडून, मग ते नेमकं कुणाचं? ऐंशी वर्षांपूर्वी देशातले दोन सगळ्यात मोठे बॅट्समन नेमके असेच उलटसुलट होते. विजय हजारे सांगलीत जन्मलेले, खेळले बडोद्याकडून. विजय मर्चंट घरचे गुजराती, खेळले मुंबईकडून.

१९४३-४४ चा हंगाम या दोघांचाच. महायुद्धामुळे परदेशी संघांचे दौरे बंद होते, त्यामुळे सगळं लक्ष देशातल्या सामन्यांवर. तेव्हा मुंबईत पंचरंगी स्पर्धा भरायची आणि तिच्यात संघ धर्मावर पडायचे : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’. हजारे ख्रिश्चन, म्हणून ते रेस्टमध्ये. म्हणजे रणजीत बडोदेकर आणि इथे ‘उरलेले’!

हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ केल्या. फायनलमध्ये मर्चंटनी हिंदू संघाकडून नाबाद २५० काढून तो आकडा मागे टाकला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्ट १३३ मध्ये गुंडाळले गेले, त्यातल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन मिळाला आणि मग ब्रेबॉर्नवर जे झालं ते आजही खरं वाटत नाही. संघाच्या ३८७ धावा, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९. धाकटा भाऊ विवेक एक बाजू धरून उभा राहिला. दोघांची भागीदारी ३०० ची, विवेकच्या धावा २१. स्कोअरबुकात त्या २१ किरकोळ दिसतात, पण त्या नसत्या तर ३०९ ही नसत्या. रेस्ट तरीही डाव आणि ६१ धावांनी हरले.

मर्चंट गप्प बसणारे नव्हते. त्याच हंगामात रणजीमध्ये महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ ठोकल्या.

मग अव्वल कोण? इथे हिशोब समजून घ्यावा लागतो. सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, बाद झालेल्या वेळांनी भागतात. नाबाद २५० आणि नाबाद ३५९ म्हणजे ६०९ धावा जमेला आणि भागाकारात शून्य. त्यामुळे सरासरीत मर्चंट कुठल्या कुठे गेले. एकूण धावांत मात्र हजारे पुढे, हजाराच्याही वर. ज्याला जे माप पटेल ते घ्यावं. पण हरत्या डावात एकट्याने ओढलेल्या ३०९ चं वजन सरासरीच्या तक्त्यात दिसत नाही.

मर्चंटचा ३५९ चा विक्रम १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात मोडला. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ केल्या आणि समोर होता काठियावाडचा संघ. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना पाहुण्यांनी सामना सोडला.

त्याआधी मार्च १९४७ मध्ये रणजीच्या फायनलला बडोद्यात हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ ची भागीदारी केली होती. तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. सांगलीचे हजारे पुढे बडोद्याचेच झाले आणि २००४ मध्ये तिथेच वारले.