थांबवायचं बटण

शिक्षणातलं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला संगणकच आठवतो. पण १९७५-७६ मध्येच ‘साइट’ प्रयोगात उपग्रहामार्फत सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. सहा राज्यांत कर्नाटकही होतं. मुलांना मात्र पडद्याला प्रश्न विचारता येत नसे. २००४ च्या ‘एज्युसॅट’ने ती सोय केली. त्या योजनेच्या पथदर्शी टप्प्यात आपल्या बेळगावचं व्हीटीयू होतं, बरं का! आता ‘दीक्षा’चा क्यूआर कोड मोबाइलवर धडा उघडतो. नातीची शाळा कन्नड, घर मराठी. ती धडा थांबवून विचारते, “आजी, द्युतिसंश्लेषणे म्हणजे?” “अगं, प्रकाशसंश्लेषण. पान उन्हात अन्न तयार करतं ते.” “म्हणजे एले!” म्हणत ती पुढे बघते. एकटी बसली, की मात्र ती कधीच थांबवत नाही. नुसती चित्रं बघते.