तालीम आणि पायवाट

मराठीत ‘तालीम’ म्हटले की डोळ्यांपुढे लाल माती आणि जोर-बैठका येतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. तालमीतला वस्ताद हाही मूळचा उस्ताद, म्हणजे शिकवणारा. आपल्या गावांनी हे शब्द आखाड्यात नेऊन बसवले, यात मोठे शहाणपण आहे. अंगात ताकद असली म्हणून कोणी खेळाडू होत नाही; त्या ताकदीलाही शिकवावे लागते.

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे कुस्ती घरातच होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसा नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

आता आपल्या शेजारचे उदाहरण पाहू. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळेचे गाव. शाळा सहा किलोमीटर लांब आणि गाडीची सोय नाही, म्हणून पोरगा चालत-पळत शाळेत जायचा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. २०१५ मध्ये लष्करी स्पर्धांतून त्याचे पळणे सुरू झाले. पुढे प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्याला ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळवले. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाणी ओलांडावे लागते. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेतली या शर्यतीची सगळी पदके केनियाकडेच जात होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने रौप्यपदक घेऊन ती साखळी तोडली. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

‘गरिबीने त्याला घडवले,’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. मला हे पटत नाही. शाळेसाठी सहा किलोमीटर तुडवणारी मुले हजारोंनी होती. पायवाटेने अविनाशच्या पायांना दम दिला, हे खरे. पण ते पाय ओळखणारा डोळा त्याला विशीत, लष्करात भेटला. खाशाबांना तो घरात, गावात आणि कॉलेजात भेटला होता.

कॅनडातील जाँ कोते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक खेळाडूंची जन्मगावे तपासली. पाच लाखांहून कमी वस्तीच्या गावांतून आलेल्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. लहान गावात खेळायला मोकळी जागा असते आणि कोणाचे पोर काय करते ते सगळ्यांना दिसते, असे त्याचे कारण सांगतात.

आमच्या सोनईतही ते दिसायला हवे. मुळा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या पडतात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. पोरांची मोजदाद त्यात नसते. ही पोरे वाढ्यांचे भारे डोक्यावर घेऊन बांधावरून अशी पळतात की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. पण गावाकडच्या शाळेत मैदानी स्पर्धा होतात तेव्हा ती इथे असतात, आणि इथल्या शाळेच्या पटावर त्यांचे नाव नसते. दोन्हीकडच्या गुरुजींच्या नजरेतून ती निसटतात.

घर गहाण ठेवायची गरज नाही. हंगामात आठवड्यातून एकदा कोप्यांजवळच्या मोकळ्या रानात फक्कीची रेघ ओढावी, एखाद्या क्रीडाशिक्षकाने शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभे राहावे आणि पळणाऱ्याचे नाव, गाव, वेळ वहीत लिहून त्याच्या शाळेला कळवावी. तालीम तिथूनही सुरू होते.